लालशाईचे टाके

छापखान्यात त्यांना लालशाई म्हणत. तोंडावर 'बाई', पाठ वळली की 'लालशाई'. काम मुद्रितशोधनाचं, म्हणजे मजकूर छापायच्या आधी त्यातल्या चुका हुडकायच्या आणि तांबड्या शाईने खुणा करायच्या. बाईंनी उभं आयुष्य हेच केलं. शाळेची पुस्तकं, औषधांची लेबलं, आमंत्रणपत्रिका, कुणाच्या निधनाच्या जाहिराती, सगळं त्यांच्या टेबलावरून गेलं आणि जाताना रक्तबंबाळ होऊन गेलं. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांपैकी कुणी तरी म्हणालं होतं, "ही शाई नव्हे, शाही आहे." ते बाईंच्या कानावर आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कोटी बरी आहे. एवढं डोकं जुळणी करताना चालवलं असतं, तर माझी अर्धी दौत वाचली असती."

निवृत्त झाल्या, पण शाई वाळली नाही. औषधाच्या दुकानात गेल्या की आधी पाटीवरची चूक सांगायच्या, मग खोकल्याचं औषध मागायच्या. दुकानदार लांबून त्यांना येताना पाहायचा आणि बाटली काढूनच ठेवायचा.

घरी थोरला भाऊ होता तोवर बरं चाललं होतं. भाऊ गेला, पुतणी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात नणंद-भावजय अशा दोघीच उरल्या. भांडण कधी झालं नाही. भांडायलासुद्धा समोरच्या माणसाबद्दल थोडा आदर लागतो, आणि वहिनींबद्दल बाईंना तो नव्हता.

कारण वहिनी हौशी होत्या. बाईंच्या कोशात याहून वाईट शब्द नव्हता. वहिनींचा हात रिकामा म्हणून राहत नसे. फ्रिजवर क्रोशाचा रुमाल, रुमालाला झालर. मिक्सरला घागरा. रेडिओला टोपडं. फोनला इतकं जाड पांघरूण, की वाजला तरी ऐकू येत नसे. जुन्या पँटच्या पिशव्या, फुटक्या बांगड्यांचं तोरण, बटणांच्या डोळ्यांचं एक कापडी घुबड, जे बाईंकडे दिवसभर टक लावून बघायचं. "या घरात नागडी म्हणून एक वस्तू उरली नाही," बाई म्हणायच्या. "मी एका जागी फार वेळ बसत नाही ती त्याच भीतीने."

बाल्कनीतही तेच. गळका कुकर, तेलाचे डबे, तळ फुटलेली बादली, जे काही भंगारात जायला हवं होतं त्यात वहिनींनी माती भरली होती. टोमॅटो, मिरची, पुदिना, आणि कपडे वाळत घालायची दोरी बळकावून बसलेला घेवड्याचा वेल. वहिनी सकाळी त्या वेलाशी बोलायच्या. "काय रे राजा, झोप झाली का?" आतल्या खोलीत पेपर वाचणाऱ्या बाईंच्या कपाळाला आठ्या पडायच्या. माणसाने वेलाला झोपेचं विचारावं, आणि वर उत्तराची वाट बघत थांबावं!

इमारतीत असल्या हौशी बायकांचं एक मंडळच होतं. चौथ्या मजल्यावरची डॉक्टरीणबाई, म्हणजे डॉक्टरांची बायको, त्याची पुढारी. दर महिन्याला त्या बाटल्यांना चमकी चिकटवायच्या आणि एकमेकींना 'किती गं गोड' म्हणायच्या. त्यांचं एकदा पत्रक आलं. त्यात मोठ्या अक्षरात 'हस्थकलेचा आनंद' असं छापलं होतं. बाईंनी ते तांबड्या शाईने सुधारलं, खाली लिहिलं, 'आनंद नंतर. आधी हात नीट करा,' आणि डॉक्टरीणबाईंच्या दाराखालून आत सरकवलं. वहिनींना ते कळलं तेव्हा आठवडाभर जिन्यात त्यांना मान वर करून चालता येईना.

तर अशा या वहिनी एका सकाळी पडल्या. घेवड्याचा शेंडा वर बांधायचा म्हणून त्यांनी खुर्ची घेतली, खुर्चीवर पत्र्याचा डबा ठेवला आणि डब्यावर स्वतः चढल्या. बाईंना आतून आधी डबा ऐकू आला, मग खुर्ची, मग वहिनी. उजव्या हाताचं मनगट मोडलं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि दीड-दोन महिने हात हलवायचा नाही म्हणून सांगितलं.

दवाखान्यातून येताना बाई म्हणाल्या, "वेलाला विचारायचं होतं, झेपेल का म्हणून."

वहिनी नेहमीसारखं 'बरं' म्हणाल्या. घरी आल्या, पलंगावर बसल्या आणि कोपऱ्यातल्या टोपलीकडे बघून एकाएकी रडायला लागल्या. टोपलीत अर्धवट शिवलेलं दुपटं होतं. पुतणीला दिवस गेले होते, सातवा संपत आला होता. पहिलं बाळ. वहिनींनी भावाचे जुने सदरे, पुतणीचे लहानपणचे फ्रॉक आणि एक जुना पडदा कापून तुकडे जोडले होते. आता आत मऊ चादरीचा थर घालून सगळ्यावरून धावदोरा घालायचा बाकी होता.

"त्यात रडण्यासारखं काय आहे?" बाई वैतागल्या. "बाजारात ढीग पडलाय दुपट्यांचा. एक आणू."

"आणा," वहिनी म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

बाई तिरीमिरीत बाजारात गेल्या. लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात विक्रेतीने समोर रास घातली. पहिल्या दुपट्यावर ससे होते आणि छपाई सरकल्यामुळे प्रत्येक सशाला तिसरा कान फुटला होता. दुसऱ्यावर हत्तीचा रंग हत्तीच्या बाहेर सांडला होता. तिसऱ्याच्या कडेला 'माझं लाडक बाळ' असं छापलं होतं. बाईंनी 'लाडक'वर बोट ठेवलं.

"अनुस्वार कुठाय?"

"काय हो?"

"'माझं'वर आहे, 'लाडक'वर नाही. सावत्र आहे का?"

"बाळाला कुठे वाचता येतंय, काकू!" विक्रेती हसली.

त्या हसण्यानेच काम केलं. जन्मल्या दिवसापासून आपल्या घरातलं मूल अशुद्धावर झोपणार, ही कल्पना बाईंना सहन होईना. त्या रिकाम्या हाताने परत आल्या, टोपली ओढून खिडकीशी बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा काय करायचं ते. सुई वर, सुई खाली. यात एवढं मिरवण्यासारखं काय असतं, ते एकदा बघूनच घेते."

पहिली दुपार सुईच्या नेढ्यात दोरा ओवण्यात गेली. बारीक टायपातली उलटी अक्षरं वाचलेले डोळे, पण नेढं सापडेना. दोरा ओला केला, पिळला, चष्मा बदलला, शिव्या दिल्या. पलंगावरून वहिनी म्हणाल्या, "दोरा नाही, सुई सरकवा दोऱ्यावर."

ओवला गेला. हाही बाईंना अपमानच वाटला.

मग टाके. एक ओळ झाली तेव्हा बाईंची मान आखडली होती आणि बोटाला तीन ठिकाणी भोकं पडली होती. पण ओळ पुरी झाली होती. त्यांनी ती लांबून बघितली. मुद्दाम बेफिकीर चेहरा करून दुपटं पलंगावर टाकलं. "घ्या. झाली तुमची कला."

वहिनींनी डाव्या हाताने कड उचलली. डोळ्यांजवळ नेली. नखाने एकेक टाका चाचपत शेवटपर्यंत गेल्या आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "उसवा, वन्सं."

"काय?"

"उसवा. एक टाका तांदळाएवढा, दुसरा चवळीच्या शेंगेएवढा. मागच्या बाजूला चादर धरलेलीच नाही. एका धुण्यात गोळा होईल सगळं."

बाईंनी चष्मा काढून पुसला. ही बाई! इतकी वर्षं जिच्या तोंडून 'हो' आणि 'बरं' यापलीकडे काही निघालं नाही, ती!

"दिसतंय की ठीक," त्या कशाबशा म्हणाल्या.

"दिसतंय," वहिनी म्हणाल्या. "दूध ऱ्हस्व लिहिलं तरी दिसतं ठीकच. वाण्याकडून कधी पातळ आलं नाही. पण तुम्ही माझ्या यादीवर गोल केल्याशिवाय मला दुकानात जाऊ दिलं नाहीत."

बाईंनी दुपटं ओढून घेतलं आणि उसवायला बसल्या.

पुढचे दिवस असेच गेले. खिडकीशी बाई, पलंगावर वहिनी. ओळ घालायची, दाखवायची, 'उसवा' ऐकायचं. वहिनींच्या आवाजात राग नसायचा, हीच मोठी पंचाईत होती. राग असता तर भांडता आलं असतं. छापखान्यातले ते जुळारी आपल्याकडे कोणत्या नजरेने बघत असतील, याचा बाईंनी तोवर विचार केला नव्हता. आताही फार केला नाही. त्यांना वाटलं, ते गाढव होते, मी नाही, एवढाच फरक. आणि दात आवळून पुढचा टाका घातला.

झाडांचं पाणीही आता बाईंकडे आलं होतं. ते काम त्या कर भरावा तसं करायच्या. टोमॅटोवर अळ्या पडल्या. वहिनींनी कडुनिंबाचं पाणी मारायला सांगितलं, पण बाईंनी भुवयांचा चिमटा घेतला आणि चष्मा लावून पानन् पान तपासलं. "प्रत्येक पानावर दोन-दोन चुका," त्या आत येऊन म्हणाल्या, आणि आवाजात समाधान होतं. अळ्या वेचण्यात त्यांना इतका रस वाटू लागला, की पेपर दुपारपर्यंत घडी न मोडता पडून राहायला लागला. विचारलं असतं तर त्यांनी कानांवर हात ठेवले असते.

मग घेवडा आडवा आला. वेलाचा पसारा फार झाला होता. फांद्या गजांत, दोरीत, शेजाऱ्यांच्या बाल्कनीत. बाईंना पसाऱ्याची चीड. लेखक पानभर पाल्हाळ लावतो तेव्हा काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कात्री घेतली आणि 'अनावश्यक' ते सगळं छाटलं. छाटता छाटता बुंध्याजवळची एक जाड, वेडीवाकडी, कशाच्याही कामाची न दिसणारी फांदीही छाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा वेल मान टाकून लोंबत होता.

बाईंनी कापलेला भाग शिवणाच्या दोऱ्याने बांधला. वरून पाणी घातलं. वहिनींच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि म्हणाल्या, "ऊन फार लागतंय तुम्हाला."

पण वहिनी म्हणजे काही आंधळ्या नव्हत्या. त्या प्लास्टरचा हात सांभाळत उठल्या, बाल्कनीत गेल्या, खाली वाकल्या आणि दोऱ्याच्या गाठीकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"मुख्य खोड कापलंत."

"गर्दी झाली होती. वाढवायचं म्हणजे किती—"

"तुम्हाला खोडायलाच येतं, वन्सं." वहिनी वळल्या. चेहरा पांढरा पडला होता. "जन्मभर दुसऱ्याचं लिहिलेलं खोडलंत. माझं शिवलेलं, लावलेलं, बोललेलं, सगळ्याला नाक मुरडलंत. मी म्हटलं, असू दे, हुशार बाई आहे. पण तुमच्या हातचं असं काय आहे या घरात? एक ओळ? एक पान? मी निदान कुकरात मिरची तरी उगवली."

आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

बाई तिथेच उभ्या राहिल्या. रागाने कान तापले होते. मिरची उगवली म्हणे! मिरची काय, कुणाच्याही शेणात उगवते. त्यांनी मनातल्या मनात वहिनींच्या बोलण्यातल्या चुका काढायला घेतल्या. सगळं वाक्यन् वाक्य पुन्हा तपासलं. एकही सापडली नाही, तेव्हा त्या वेलाच्या बादलीपाशी बसल्या आणि मान टाकलेल्या वेलावर उरलेल्या वाळक्या शेंगा ओरबाडायला लागल्या.

शेंगांत बिया होत्या. त्यांनी तो सगळा वेल उपसून काढला, माती हाताने भुसभुशीत केली आणि बिया पेरल्या. कुणाला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्या पहाटे दूध घेण्याआधी बादलीत डोकावायला लागल्या. काही नाही. काही नाही. "नालायक," त्या पुटपुटायच्या, आणि दुपारी पुन्हा जाऊन बघायच्या. मग एका सकाळी माती फोडून एक कोंब आला, कंबरेत वाकलेला, डोक्यावर बियेचं टरफल घेतलेला. पाठोपाठ आणखी चार. ओळ साफ वाकडी होती. बाई उकिडव्या बसून त्या वाकड्या ओळीकडे बघत राहिल्या, आणि आत दूध उतू गेलं.

करपल्याच्या वासाने वहिनी उठून आल्या. त्यांना आधी गॅस दिसला, मग उघडं दार, मग बादलीपाशी बसलेल्या बाई. त्यांनी गॅस बंद केला आणि परत जाऊन पडल्या. संध्याकाळी त्यांनी आपणहून दुपटं मागितलं, चाचपलं आणि म्हणाल्या, "चालेल. पुढची ओळ घ्या." दोघींमध्ये समेट म्हणून जो काही झाला तो एवढाच.

दुपटं संपत आलं असताना हौशी मंडळ आजारपणाच्या चौकशीला आलं. डॉक्टरीणबाई पुढे, मागे दोघी-तिघी. खोलीभर अत्तराचा घमघमाट. डॉक्टरीणबाईंची नजर दुपट्यावर गेली.

"अय्या! हे तुम्ही शिवलंत, बाई? या वयात अगदी छान जमलंय हो!"

बाईंनी सुई खाली ठेवली. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

"काय सांगता! कोणत्या वयात जमायला हवं होतं?"

"नाही हो, म्हणजे कौतुकच करतेय. आता पटलं ना तुम्हाला? हाताने काम करताना मनाला किती शांती मिळते!"

"शांती?" बाई म्हणाल्या. "मान धरली आहे. बोटांची चाळण झाली आहे. या बाईने माझ्याकडून प्रत्येक ओळ दोनदा-तीनदा उसवून घेतली, आणि रात्री डोळे मिटले की मला टाके दिसतात. ज्यांना शांती मिळते त्या बहुतेक चमकी चिकटवत असतील. डिंकाला काय, चुकलं तरी कुणी उसवा म्हणत नाही."

मागच्यांपैकी एकीला हसू फुटलं आणि तिने ते खोकल्यात लपवलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला, पण ती पुढारी बाई होती. म्हणाली, "असू दे, असू दे. आमच्या प्रदर्शनात ठेवायला द्याल ना? 'उतारवयातला विरंगुळा' असा खास विभाग केलाय."

बाई काही बोलणार, इतक्यात पलंगावरून वहिनींचा आवाज आला. नेहमीचाच, मऊ.

"नाही देणार. ते बाळासाठी आहे, लोकांनी बोटं लावायला नाही. आणि विरंगुळा तर मुळीच नाही. वन्संचं काम चाललंय. तुम्ही निघा आता, उजेड आहे तोवर त्यांना दोन ओळी पुऱ्या करायच्यात."

मंडळ चहाही न घेता उठलं. दार लागल्यावर बाई वहिनींकडे वळल्या. ज्या बाईला आपण इतकी वर्षं पाणचट समजलो, ती डॉक्टरीणबाईला जिन्यापर्यंत पोचवून आली होती, तेही पलंगावरून न उठता.

"अत्तर किती लावतात," बाई म्हणाल्या.

"डिंकाचा वास मारायला," वहिनी म्हणाल्या.

आणि त्या दोघी, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, एकाच गोष्टीला हसल्या. दुसऱ्याला नावं ठेवण्यातलं सुख वहिनींना आजवर ठाऊक नव्हतं. ते त्यांना बरंच गोड लागलेलं दिसलं.

दुपटं वेळेत गेलं. पुतणीला मुलगी झाली. महिन्याभराने फोनवर ती म्हणाली, "आत्या, एवढं सुंदर दुपटं, आणि ही बया रोज त्यावर ओकते गं!"

"मग काय फ्रेम करून लावायचंय?" बाई खेकसल्या. "ओकण्यासाठीच असतं ते. धुतल्यावर गोळा होतंय का, तेवढं सांग."

"नाही होत."

"हं," बाई म्हणाल्या आणि फोन वहिनींकडे देऊन गडबडीने बाल्कनीत निघून गेल्या.

वहिनींचं प्लास्टर निघालं, पण मनगट पहिल्यासारखं झालं नाही. ताठ राहिलं. बारीक टाका त्यांना परत घालता आला नाही. याचं दुःख त्यांनी बोलून दाखवलं नाही. बाईंनीही सांत्वन केलं नाही, तो त्यांचा पिंड नव्हता. एके दिवशी त्यांनी फक्त वहिनींच्या हातातलं काम काढून घेतलं, म्हणाल्या, "कापायचं तुम्ही, शिवायचं मी. तुमची कात्री बरी चालते." तेव्हापासून तीच वाटणी आहे. बाल्कनीत मात्र वाटणी जमली नाही. घेवड्याच्या शेंड्यावरून अजून रोज वाजतं. वहिनी म्हणतात खुडा, बाई म्हणतात वाढू द्या. आणि खालच्या मजल्यावरच्यांना पंखा बंद करून ऐकत बसायला बरं साधन झालं आहे.

बाईंची जीभ तशीच आहे. फ्रिजवरच्या रुमालाला त्या अजूनही झूल म्हणतात. आनंद, समाधान, छंद असले शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नाही. गेल्या महिन्यात त्या पडद्याचं कापड आणायला गेल्या. दुकानदाराने गठ्ठा उलगडला तर त्यांनी कापड उजेडात धरलं, दोन्ही बाजूंनी ताणून बघितलं, वीण तिरकी आहे म्हणून परत केलं. दुसरं काढायला लावलं, तेही परत केलं. चौथ्याला होकार दिला. दुकानदार कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "शिवणाचा बराच नाद दिसतो, ताई."

"नाद रिकाम्या माणसांना असतात," बाई म्हणाल्या. "मला घाई आहे. चार मीटर द्या. आणि धागा ओढून सरळ कापा, तुमच्या त्या पट्टीवर माझा विश्वास नाही."